गावरान भाताचे अनेक वाण एका घरात जपायचे असतील तर

बियाणे महोत्सवातून किंवा मामाच्या गावाहून आठ-दहा भातांच्या पुड्या आणायच्या, हौसेने लावायच्या, आणि तिसऱ्या वर्षी पाहावे तर काळभातात पांढऱ्या तुसाच्या लोंब्या, आंबेमोहरात लांबडे दाणे आणि दोन वाणांचा पत्ताच नाही. हे इतक्या जणांचे होते की आता त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे. अशा वेळी खापर ठरलेल्या ठिकाणी फुटते: "शेजारच्या शेतातून पराग आले."

भाताच्या बाबतीत हे कारण क्वचितच खरे असते. भाताचे फूल उघडते तेव्हाच त्याचे पराग त्याच्याच कुक्षीवर पडलेले असतात. हवेत उडालेले पराग काही मिनिटांत निकामी होतात. नैसर्गिक संकराचे प्रमाण सहसा एक टक्क्याच्या आतच राहते. वाण बिघडतो तो आपल्या हातून: राबात (रोपे तयार करण्याच्या वाफ्यात), नांग्या (लावणीत रोप न लागलेल्या रिकाम्या जागा) भरताना, खळ्यावर, गोणीत आणि चिठ्ठी नसलेल्या डब्यात. दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच घातक आहे. वाण शुद्ध करण्याच्या भरात एकाच दोन ताटांचे बी धरले जाते आणि वाण आतून पोकळ होतो. पुढचे सगळे टप्पे या दोन चुका टाळण्यासाठी आहेत.

१. किती वाण झेपतील ते आधी ठरवा

ज्या गावांत वीस-पंचवीस भात टिकून आहेत, तिथेही एका घरात तीन-चारच असतात. गावाची विविधता घराघरांत वाटलेली असते. एका घराने वीस वाण सांभाळायला घेतले तर कापणीच्या गर्दीत त्यातले निम्मे एकमेकांत मिसळतात. पहिल्या वर्षी तीन घ्या आणि ते तीन नीट पार पाडा.

वाण जमिनीवरून निवडा. वरच्या, पाणी लवकर सोडणाऱ्या खाचरात हळवे (साधारण ९० ते ११५ दिवसांचे), मधल्या खाचरांत निमगरवे आणि खालच्या, उशिरापर्यंत ओल धरणाऱ्या खाचरात गरवे (१३५ दिवसांपुढचे). गरवा भात वरच्या खाचरात लावला तर परतीच्या पावसाने दगा दिल्यावर दाणा भरत नाही, आणि मग "हे जुने वाण उत्पन्न देत नाहीत" असा शिक्का बसतो. गोव्याच्या खाजन जमिनीतला कोरगूट खाऱ्या पाण्यात तग धरतो, म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या ठेवला गेला. तो वर्षानुवर्षे गोड्या पाण्याच्या खाचरात लावला तर त्या गुणाची कसोटीच लागत नाही, आणि कमजोर ताटे बियाण्यात टिकून राहतात.

निवडलेल्या वाणांत नजरेला पटकन कळेल असा फरक असावा, म्हणजे एक कुसळाचा, एक बिनकुसळाचा, एक काळ्या तुसाचा. सारखे दिसणारे दोन वाण एकाच घरात ठेवणे अनुभवी माणसालाही जड जाते. त्यातला एक शेजाऱ्याकडे द्या.

२. बियाणे घेताना बियाण्यासोबत लोंब्याही मागा

मूठभर दाणे आणि एक नाव एवढ्यावर कुणीही वाण सांभाळू शकत नाही. ज्या घरातून बी घेता, त्या घरातल्या बाईमाणसांशी बोला. बियाणे राखण्याचे काम बहुधा त्यांच्याच हातात असते. विचारून वहीत लिहायच्या गोष्टी: कोणत्या जमिनीत लावता, पेरल्यापासून किती दिवसांनी कापता, ताट किती उंच होते, पावसात लोळते का, बुंधा हिरवा की जांभळा, कुसळ आहे का, तुसाचा आणि आतल्या तांदळाचा रंग, वास, आणि हा भात घरात कशासाठी लागतो. शेवटचा प्रश्न अनेक जण विचारतच नाहीत. भाकरीचा, पोह्यांचा, पेजेचा, बाळंतिणीचा असे भात वेगळे असतात. उपयोग माहीत नसेल तर तुमच्या घरात तो वाण दोन वर्षांपलीकडे टिकत नाही.

एकाच नावाखाली वेगवेगळ्या खोऱ्यांत वेगळे वाण असतात, आणि एकाच वाणाला दोन तालुक्यांत दोन नावे असतात. म्हणून नावापुढे गावाचे नावही लिहा. दोन गावांहून आलेला एकाच नावाचा भात एकत्र कधीही करू नका.

दहा-बारा अखंड लोंब्या मागून घ्या आणि त्यांची जुडी बांधून ठेवा. हा तुमचा नमुना. पुढे प्रत्येक शंकेचा निवाडा या जुडीवर होईल, म्हणून ती पेरायची नाही आणि मळायचीही नाही.

बी किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. २० बाय १५ सेंटिमीटरवर लावणी केली तर एका गुंठ्यात सुमारे ३,३०० चूड (एका जागी लावलेल्या रोपांचे पुंजके) बसतात. हजार दाण्यांचे वजन २० ते २५ ग्रॅम धरले तर एका चुडात एक रोप याप्रमाणे ७५-८० ग्रॅम बी पुरते. न उगवणारे, पक्षी आणि खेकडे यांचा वाटा धरून २०० ग्रॅम घ्या. वाण फक्त टिकवायचा असेल तर पाव गुंठा आणि ५० ग्रॅम बी पुरेसे आहे.

तपासा: घेतलेले बी एकाच घरचे आहे का? बाजारातून आलेल्या, चार घरच्या मिसळलेल्या भातातून वाण उभा करणे फार कष्टाचे काम आहे.

३. मे महिन्यात ताटात निवडा, मग उगवण पाहा

सगळे बी मोठ्या ताटात किंवा सुपात पसरा आणि नमुन्याची जुडी शेजारी ठेवा. तुसाचा रंग, दाण्याची लांबी-रुंदी, कुसळ आणि टोकाचा ठिपका पाहून वेगळे दाणे वेचून काढा. पाव किलो बियाण्याला एक दुपार लागते. शेतात पुढे तीन फेऱ्या मारून जेवढी भेसळ निघते, तेवढी इथे बसल्या जागी निघते. तरी ही पायरी सर्रास गाळली जाते.

नंतर १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, फडके सुकू देऊ नका. आठ-दहा दिवसांनी मोजा. ८० किंवा जास्त उगवले तर बी चांगले. ५० ते ८० च्या मध्ये असेल तर त्या प्रमाणात जास्त पेरा. ५० च्या खाली असेल तर आहे तेवढे सगळे पेरा, आणि त्याच वाणाचे बी आणखी कुठे मिळते का ते पाऊस लागायच्या आत शोधा.

सावधान: ही चाचणी कापणीनंतर लगेच घेऊ नका. कित्येक गावरान भातांत सुप्तावस्था असते. दाणा काही आठवडे उगवतच नाही आणि चांगले बी मेले समजून टाकून दिले जाते.

पोचट दाणे काढण्यासाठी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका. चांगले ढवळा, तरंगणारे काढा, बुडालेले दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. कुसळाच्या भाताला हवेचे बुडबुडे चिकटून भरलेले दाणेही तरंगतात, तेव्हा कुसळे हाताने चोळून काढा आणि मगच पाण्यात टाका. बी अगदी थोडे असेल तर हे करू नका, हाताने निवडलेलेच पुरे.

४. राब: इथे मिसळले तर पुढे काही करता येत नाही

रोपे सात-आठ इंचांची होईपर्यंत बहुतेक भात सारखेच दिसतात. त्यामुळे राबात झालेली सरमिसळ डोळ्यांना कळत नाही, ती थेट निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना दिसते.

जागा अशी निवडा की जिथे गेल्या वर्षी भाताचा राब किंवा खळे नव्हते. राब भाजत असाल तर वरच्या थरातले जुने दाणे जळतात. भाजत नसाल तर खत पूर्ण कुजलेले हवे. कच्च्या शेणखतात पेंढ्याबरोबर आलेले दाणे असतात आणि ते आनंदाने उगवतात.

गादीवाफे करा. सपाट वाफ्यावरून पहिल्या जोराच्या सरीने बी वाहून शेजारच्या वाफ्यात जाते, आणि नंतर मूळ सापडत नाही. दोन वाणांच्या वाफ्यांत दोन हात जागा आणि मध्ये पाणी काढणारी चारी ठेवा. हिरव्या बुंध्याच्या वाणाशेजारी जांभळ्या बुंध्याचा, असा क्रम लावलात तर इकडचे रोप तिकडे गेल्यास राबातच दिसेल.

पेरताना एका वेळी एकच पुडी उघडा. पेरून झाले की उरलेले बी बांधून घरात ठेवा, हात झटका, ओटी झटका, मग दुसरी पुडी. बी भिजवून मोड आणत असाल तर प्रत्येक पुरचुंडीला गाठीतच खूण बांधा. बादलीत चार पुरचुंड्या आणि चिठ्ठ्या बादलीबाहेर, असे चालणार नाही.

खुणेच्या काठ्या लावाच, पण त्यावर भरवसा ठेवू नका. काठी गुरे पाडतात, शाई पावसात जाते. वहीत नकाशा काढा: बांधाकडून पहिला वाफा कोणता, दुसरा कोणता.

५. लावणी: नांग्यांची काळजी

खाचरात गेल्या वर्षी झडलेले दाणे असतातच. पहिल्या पावसावर ते उगवू द्या आणि नांगरून गाडा. चिखलणीच्या आधी हे एकदा तरी व्हायला हवे. बियाण्याचा तुकडा गेल्या वर्षी ज्या खाचरात तोच वाण होता तिथेच ठेवता आला तर उत्तम, कारण झडलेले दाणे निदान त्याच वाणाचे असतात. बांधाला, ओहोळाला देवभात (रानटी भात) उगवत असेल तर तो निसवायच्या आत उपटा.

शेजारच्या वाणापासून तीन मीटर अंतर पुरते. भाताच्या प्रमाणित बियाण्यासाठीही एवढेच अंतर मानले जाते. तेवढी जागा नसेल तर मध्ये नाचणी किंवा चवळीचा पट्टा घ्या. पेरणी मागेपुढे करून फुलोऱ्याची वेळ टाळण्याची युक्ती हळव्या भातांत चालते. गरव्यांत ती फसते, कारण बहुतेक जुने गरवे दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. वीस दिवस उशिरा पेरला तरी तो जवळपास त्याच सुमारास निसवतो, फक्त ताट लहान राहते आणि उत्पन्न जाते.

एका वाणाची रोपे उपटून, लावून, उरलेल्या मुठी बाजूला काढून मगच दुसऱ्या वाफ्याला हात लावा. बियाण्याच्या तुकड्यात एका चुडात एकच रोप लावा. दोन-तीन रोपे एकत्र असली तर त्यातले वेगळे ओळखू येत नाही, आणि आले तरी उपटताना बरोबरची दोन्ही जातात.

सावधान: नांग्या भरताना हाताला येईल त्या मुठीतली रोपे लावली जातात. जितके वाण असे बिघडतात तितके पराग आणि वारा मिळूनही बिघडवत नाहीत. लावणीला इर्जिक (गावकऱ्यांनी मिळून केलेली मदत) असेल किंवा मजूर असतील तर त्यांना आधीच सांगा: या तुकड्यात नांगी राहिली तरी चालेल, दुसरे रोप नको. स्वतः तिथे उभे राहा.

६. उभ्या पिकातल्या तीन फेऱ्या

पहिली फेरी फुटवे येताना मारा. बुंध्याचा रंग, पानाची रुंदी आणि ठेवण पाहा. ओळीबाहेर उगवलेले ताट जुन्या झडलेल्या दाण्याचे असते, ते विचार न करता उपटा.

दुसरी फेरी निसवताना. हीच मुख्य फेरी. सगळे खाचर निसवले आणि चार ताटे अजून पोटरीत (लोंबी पानाच्या आवरणातच) आहेत, किंवा सगळे पोटरीत आणि चार आधीच बाहेर, तर ती परकी. सकाळी नऊच्या आत जा, कारण फुले त्यानंतर उघडू लागतात. परके ताट मुळासकट काढा आणि बांधाबाहेर न्या. नुसती लोंबी खुडली तर मागून फुटव्याला दुसरी येते.

तिसरी फेरी पिकताना, तुसाचा रंग आणि दाणा पाहून.

आता महत्त्वाची गोष्ट. गावरान वाण एकसारखा नसतो. थोडी उंची कमीजास्त, दोन-चार दिवस मागेपुढे पिकणे, लोंबी थोडी दाट किंवा विरळ, हे त्या वाणाचेच आहे. एखाद्या वर्षी पाऊस लवकर गेला तर दोन-चार दिवस आधी पिकणारी ताटेच घर तारतात. म्हणून तुसाचा रंग, कुसळ, दाण्याचा आकार, बुंध्याचा रंग किंवा निसवण्याची वेळ यांत ठळक फरक असेल तेच काढा. "जरा बुटके आहे" म्हणून उपटत सुटलात तर पाच वर्षांत हाती राहतो तो वाणाचा एक तुकडा.

आणि काढलेले प्रत्येक ताट फेकायचेच असते असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये 'पटेल ३' भाताच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षामागून वर्ष निवडल्या, आणि त्यातून 'एचएमटी' हा भात पुढे आला. वेगळी लोंबी चांगली भरलेली असेल तर तिला वेगळ्या पुडीत जागा द्या. फक्त ती मूळ वाणात परत जाता कामा नये.

तपासा: तिसऱ्या फेरीनंतर खाचराच्या मध्यावर उभे राहून शंभर चूड मोजा. त्यात दोनपेक्षा जास्त परके दिसले तर या वर्षी सरसकट बी धरू नका, फक्त निवडक लोंब्यांचे धरा.

७. बियाण्याच्या लोंब्या कापणीच्या आधी

कडेच्या दोन ओळी आधी कापून खाण्याच्या भातात टाका. त्यांत भेसळीची शक्यता सर्वांत जास्त.

लोंबीतले पाचातले चार दाणे पिवळे झाले की बियाण्याच्या लोंब्या खुडायला घ्या. सगळे दाणे कडक होण्याची वाट पाहिली तर गावरान भात झडतो, आणि सर्वांत आधी पिकलेले दाणे मातीत जातात.

किमान शंभर वेगवेगळ्या चुडांतून एक-एक लोंबी घ्या, दोनशे मिळाल्या तर फारच छान. खाचराच्या सगळ्या भागांतून घ्या. सर्वांत मोठ्या दहा लोंब्यांवर नजर जाते, पण मोठी लोंबी कधी कधी फक्त मोकळ्या जागेची किंवा खताच्या ढिगाची देणगी असते. निरोगी, भरलेली, आपल्या वाणाच्या ठेवणीची, एवढीच अट ठेवा. करपा पडलेली किंवा काळे डाग असलेल्या दाण्यांची लोंबी मात्र घेऊ नका.

जुड्या बांधून, प्रत्येक जुडीत चिठ्ठी अडकवून लगेच घरी न्या. रात्रभर खाचरात भाऱ्यांबरोबर ठेवू नका.

८. मळणी

बियाण्याचा भात मळणी यंत्रात घालू नका. यंत्राच्या जाळ्यांत आणि कोपऱ्यांत आधीच्या घरचा भात अडकलेला असतो, आणि ते पूर्ण साफ करायला कुणाला सवड नसते. शंभर-दोनशे लोंब्या हाताने चोळून किंवा पायाखाली मळून तासाभरात होतात. जास्त असतील तर पाटावर झोडा.

सर्वांत कमी बी असलेला वाण आधी. एका दिवशी एकच वाण हे सर्वांत सुरक्षित. ते जमत नसेल तर दोन वाणांच्या मध्ये ताडपत्री उलटी करून झटका, तिच्या दुमडी आणि शिवणी पाहा. सूप उलटे करून आपटा, कारण बांबूच्या विणीत दाणे अडकतात. गोणी आतून बाहेर उलटवा. झाडूच्या हिरात, पायांना, लुगड्याच्या घोळात दाणे असतात. अंगणातली कोंबडी एका वाळवणावरून दुसऱ्यावर जाताना किती दाणे पसरवते ते एकदा निरखून पाहा.

तपासा: मळलेल्या बियाण्यातले मूठभर दाणे नमुन्याच्या जुडीशेजारी ठेवा. आत्ता शंका आली तर आत्ताच निवडा, पुढच्या मे महिन्यावर ढकलू नका.

९. वाळवण आणि साठवण

तीन-चार दिवस सकाळच्या उन्हात पातळ थर पसरून वाळवा. भर दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर किंवा सिमेंटवर घालू नका, दाणा तडकतो. दाताखाली धरल्यावर कट असा आवाज होऊन तुटला की वाळला, दबला तर ओला. बियाण्यासाठी ओलावा १२-१३ टक्क्यांपर्यंत आलेला हवा. ढोबळमानाने ओलावा एक टक्क्याने उतरला की बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते, म्हणून एक दिवस जास्त वाळवण्याचा कंटाळा करू नका.

वाळलेले बी सावलीत पूर्ण थंड होऊ द्या. गरम बी डब्यात भरले की झाकणाच्या आतून पाणी सुटते.

थोड्या बियाण्यासाठी मातीचे मडके किंवा घट्ट झाकणाची बरणी वापरा. मडक्यात चाळलेली कोरडी राख आणि सुकवलेला कडुनिंबाचा किंवा निरगुडीचा पाला घालतात. पाला खरोखर सुकलेला हवा, ओलसर पाल्याने बुरशी येते. हवाबंद बरणी फक्त पूर्ण वाळलेल्या बियाण्यासाठी. तिच्या तळाशी तपकिरी होईपर्यंत भाजून थंड केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवा, ती उरलीसुरली ओल शोषते. अखंड लोंब्यांच्या जुड्या चुलीच्या वर, धूर लागेल पण आच लागणार नाही अशा ठिकाणी टांगण्याची रीतही चांगली आहे, फक्त उंदरांची वाट बंद करा. महिन्यातून एकदा सोंडे आणि पतंग पाहा.

चिठ्ठ्या दोन: एक आत, एक बाहेर, दोन्ही पेन्सिलीने. त्यावर वाण, मूळ गाव, कापणीचे वर्ष आणि खाचर लिहा. झाकणावर चिठ्ठी चिकटवू नका, झाकणे बदलली जातात.

कोकणातल्या किंवा मावळातल्या दमट हवेत घरगुती बी दोन वर्षांपुढे भरवशाचे नसते. वाण जपायचा म्हणजे तो दरवर्षी, फार तर एक वर्षाआड लावायचा.

१०. दुसऱ्या घरात ठेवा

प्रत्येक वाणाचे बी तीन भागांत वाटा. एक पेरणीसाठी. दुसरा, पेरणी फुकट गेली तर दुबार पेरणीसाठी, आणि हा पीक हाती येईपर्यंत खायला काढायचा नाही. तिसरा दुसऱ्या गावातल्या माणसाकडे, शक्यतो वेगळ्या पाणलोटातल्या. एकाच पुराने दोन्ही घरांची खाचरे जाऊ नयेत.

देताना बियाण्याबरोबर पाच-सहा लोंब्या आणि वहीतली नोंद उतरवून द्या. परतफेड पैशाने घेऊ नका, बियाण्यानेच घ्या. पुढच्या वर्षी दुप्पट परत, अशी बोली ठेवली तर घेणाराही मन लावून पिकवतो. आलेले बी तुमच्या बियाण्यात लगेच ओतू नका. एक हंगाम वेगळ्या ओळीत लावा, नमुन्याशी ताडून पाहा आणि मगच एकत्र करा.

२००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार आपल्या शेतातले बी ठेवणे, पेरणे, देणे-घेणे आणि विकणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँड लावून विकण्याला तेवढी मनाई आहे. त्यामुळे गावात बियाण्याची देवघेव करताना बिचकण्याचे कारण नाही.

तुमच्याकडचा वाण कधी हातचा गेलाच, तर आधी तुम्ही ज्यांना दिला त्यांच्याकडे जा, मग मूळ घरी. दोन्हीकडून मिळाला तर दोन्ही वेगळे लावा, पीक निसवेपर्यंत थांबा आणि जुडीशी मिळेल तो ठेवा.